बटणावरची शेकोटी

अमेरिकेत घरामागच्या पॅटिओवर ठेवायची प्रोपेनची फायर पिट म्हणजे बटण दाबताच पेटणारी शेकोटी. मधोमध बर्नर, त्यावर लाव्हाचे खडे किंवा जाड काचेचे तुकडे आणि खालच्या कप्प्यात ग्रिलला लागतो तोच 20 पाउंडांचा सिलिंडर. लाकूड फोडणं नाही, राख उपसणं नाही, कपड्यांना धुराचा वास नाही. दुकानात ती पेटलेली पाहिली की निम्मा निर्णय तिथेच होतो. उरलेला निम्मा गॅसच्या हिशेबावर ठरायला हवा आणि तो सहसा कोणी मांडत नाही.

20 पाउंड म्हणजे सुमारे 9 किलो. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि तो दोन शेगड्यांवर महिनाभर पुरतो. ती सवय इथे उपयोगाची नाही. 9 किलो प्रोपेनमधून साधारण 4,30,000 बीटीयू उष्णता मिळते. ताशी 50,000 बीटीयूची फायर पिट पूर्ण ज्योतीवर ठेवली तर ताशी किलोभर गॅस जळतो आणि साडेआठ तासांत सिलिंडर संपतो. त्यातही रिकामा देऊन भरलेला घ्यायच्या सिलिंडरमध्ये बहुधा 15 पाउंडच गॅस असतो. दर शनिवार-रविवारी दोन-दोन तास बसणाऱ्या घराला महिन्याला दोन-तीन सिलिंडर लागतात. आपलाच सिलिंडर पंपावर भरून आणणं बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतं. घरात नैसर्गिक वायूची लाइन असेल तर तिची जोडणी परवानाधारक प्लंबरकडून पॅटिओपर्यंत आणता येते. मात्र बर्नरचं गॅसचं छिद्र त्या वायूसाठी वेगळं लागतं.

थंडीत प्रोपेनच का, याचं उत्तर उत्कलनबिंदूत आहे. भारतातला एलपीजी हे ब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहतो, तर प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो. तरीही कडाक्याच्या थंडीत, सिलिंडर अर्ध्यावर आला की ज्योत मंदावते. वायू ओढला जाताना आतला द्रव आणखी गार होतो, बाहेरून दहिवर धरतं आणि दाब घटतो. हा बिघाड नव्हे. पण नेमकी ऊब हवी असते तेव्हाच हे होतं, हेही खरं.

आणि ऊब हा फायर पिटचा तसा दुबळाच गुण. बरीचशी उष्णता सरळ आकाशात जाते. गुडघे शेकतात, पाठ गारच राहते. गावच्या शेकोटीचा अनुभव याहून वेगळा नाही. जेवणाच्या टेबलाभोवती ऊब हवी असेल तर उष्णता खाली परतवणारा छत्रीसारखा पॅटिओ हीटर कमी गॅसमध्ये जास्त काम करतो. फायर पिट घ्यायची ती ज्योतीसाठी, गप्पांसाठी. तिच्यावर कणसं नि वांगी भाजायची हौस असेल तर मात्र निराशा होईल: बहुतेक मॉडेल स्वयंपाकासाठी नसतात, कारण ठिबकलेल्या रस-तेलाने बर्नरची भोकं बुजतात.

लाकडाशी तुलना गावागणिक बदलते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात हवा खराब असल्याचा इशारा निघालेल्या दिवशी लाकूड जाळायला बंदी असते, गॅसला नसते. घरात दम्याचा रुग्ण असेल तरी गॅसच बरा. मात्र स्वतःच्या आवारात वाळकं लाकूड पडून असणाऱ्याने प्रोपेनवर खर्च करणं ही निव्वळ चैन होय.

जागेचा प्रश्न पैशांआधी सोडवावा. अनेक अपार्टमेंटांच्या बाल्कनीत अशा ज्योतीला मनाई असते आणि टाउनहाऊसमध्ये एचओएची, म्हणजे घरमालकांच्या संघटनेची, नियमावली पाहावी लागते. भिंत, कठडा आणि छतापासून किती अंतर हवं, ते माहितीपुस्तकात दिलेलं असतं; लाकडी डेकवर चालेल का, तेही तिथेच पाहावं. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खोलगट जागेत साचतो. म्हणून वाऱ्याने ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारं मॉडेलच घ्यावं. नदीतले गोटे त्यात कधी घालू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

वर्षातून चार-पाचदाच बाहेर बसणाऱ्यांनी फायर पिट घेऊ नये. घेतलीच, तर हिवाळ्यात ती झाकून गॅरेजमध्ये ठेवता येते. सिलिंडर मात्र काढून बाहेरच, उभा ठेवायचा असतो.