अफवेचे दोन फेरे



१६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार केले. टाळेबंदीचे दिवस होते. ही माणसे एका अंत्यविधीसाठी मुंबईहून सुरतेस निघाली होती. मुले पळविणारे, मूत्रपिंडे काढून नेणारे चोर रात्री फिरतात, अशी आवई त्या मुलुखात मोबाइलवरून व तोंडोतोंडी आधीच पसरली होती. पोलीस समोर असूनही तिघांचे प्राण वाचले नाहीत. या कृत्याचे समर्थन कोणत्याही सबबीवर होऊ शकत नाही.

परंतु हा अफवेचा पहिला फेरा झाला. दुसरा फेरा त्यानंतर सुरू झाला आणि त्यात शिकलीसवरलेली मंडळीही सामील झाली. हत्येच्या चित्रफितीतील ‘ओय बस’ हे शब्द ‘शोएब बस’ असे आहेत, असे सांगून मारेकरी मुसलमान असल्याचा प्रचार देशभर झाला. अखेर २२ एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतील १०१ जणांची नावे जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. आदिवासी अडाणी म्हणून फसला, असे म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: मग या शिकलेल्यांना कोणी फसविले?

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील शकुंतला बानाजी व राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत या प्रश्नाचा अभ्यास करून २०१९ साली आपला अहवाल मांडला. त्यांचे म्हणणे असे की, जमावाच्या हिंसेचे मूळ केवळ अज्ञानात शोधणे चूक आहे. दलित, मुसलमान, आदिवासी यांच्याविषयी मनात आधीच वसलेला पूर्वग्रह खोट्या संदेशाला खरेपणा देतो. आणि ओळखीच्या माणसाकडून आलेला संदेश लोक कर्तव्यबुद्धीने पुढे धाडतात.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून पाच जणांना ठार करण्यात आले. ते कोण होते? भिक्षेवर जगणारे भटके नाथपंथी डवरी गोसावी! त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली. ७ एप्रिल २०२० रोजी वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. त्यानंतर नवव्या दिवशी गडचिंचले घडले. यंत्राला लगाम घातलाच पाहिजे, कंपनीला जाब विचारलाच पाहिजे. पण मनातील संशयाला लगाम कोण घालणार?

खोट्या बातमीला मोबाइलच लागतो असेही नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये याच वारली मुलुखात, तलवाडा येथे, गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी वार्ता जमीनदारांनी उठविली. वारली त्यांच्या रक्षणासाठी धावून आले. तिकडे पोलिसांना मात्र हे दंग्यासाठी जमले आहेत, असे सांगण्यात आले. गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच वारली ठार झाले. त्या वेळी अफवेने ज्यांचे बळी घेतले, त्यांच्याच मुलुखातील माणसांच्या हातून पुढे तिने तिघांचे बळी घेतले.

आपल्याला हे नवे नाही. गावात गुरे मेली की विष घातल्याचा आळ महारवाड्यावर येई. पुरावा कोणी मागत नसे. जात हाच पुरावा ठरे. ज्यांच्या वाडवडिलांनी हे सोसले, त्यांनी आज दुसऱ्या एखाद्या अनोळखी फिरस्त्यावर तोच आळ घालणारा संदेश पुढे धाडावा काय?

पंचशीलातील चौथे शील आपण रोज म्हणतो. बोट दाबून पुढे धाडलेला शब्दही आपलाच शब्द होय. म्हणून घरातील तरुणांना विचारावयास शिकवा: हे कोणी पाहिले, केव्हा पाहिले, कोठे पाहिले? उत्तर मिळाले नाही, तर तो संदेश आपल्या घरातच थांबू द्या. एका घरात थांबलेली अफवा कदाचित कोणा वाटसरूचा जीव वाचवील.