दगडाला मातृभाषा नसते

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथून गाडीत बसलेली आपली माणसे उधन्याला उतरतात आणि डिंडोली, लिंबायत भागात बिऱ्हाड करतात. त्यांच्या मुलांना मराठीतून शिकता यावे, ही आमच्या समितीची जुनी मागणी आहे. त्यासाठी आम्ही निवेदने दिली, मोर्चे काढले, पुढेही काढू. पण मोर्चा हाताबाहेर गेला तर पुढ्यात उभ्या असलेल्या पोलिसाचे काय, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता.

काही वर्षांपूर्वी डिंडोलीत पालक असेच जमले होते. बंदोबस्ताला एक गुजराती हवालदार. मोडक्या मराठीत तो हात जोडून विनवत होता. मागच्या पोरांनी दगड उचलले. आम्ही समितीवाले पुढे भाषणात गुंग. एवढ्यात एका म्हातारीने एका पोराचा हात धरला आणि अहिराणीत विचारले, "कोना पोर्‍या शेस रे तू?" बापाचे नाव सांगायची वेळ येताच पोराच्या हातातला दगड गळून पडला. तो दिवस निभावला तो आमच्यामुळे नव्हे, त्या म्हातारीमुळे.

सगळीकडे अशी म्हातारी भेटत नाही. ३ डिसेंबर २०१८ रोजी उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातील स्याना भागात गोहत्येच्या संशयावरून जमाव खवळला. त्याला शांत करायला गेलेले पोलीस निरीक्षक सुबोधकुमार सिंह यांचा गोळी लागून बळी गेला. जमावाची भाषा हिंदी, त्यांचीही हिंदी. म्हणजे भाषा एक असून भागत नाही. ऐनवेळी सांगितलेले शब्द ऐकले जायचे तर आधीची ओळख लागते.

ही ओळख कशी होते, हे आपल्याच राज्यातल्या भिवंडीने दाखवले आहे. सुरतेसारखेच मागांचे गाव. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते होरपळले. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे त्या समित्या ढिल्या पडल्या. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने बाळासाहेब गांगुर्डे व रमेश जगताप या दोन शिपायांना ठार केले. गाव तेच होते; बैठका तेवढ्या राहिल्या नव्हत्या.

सीमाभागातील बांधवांना यातून काय घ्यायचे? आमचे मत स्पष्ट आहे. पोलिसाला सगळ्यात शेवटी पाठवले जाते. त्याच्या आधी पोचायचे काम आपले, आणि आपण ते टाळतो. मोर्च्याची तारीख ठरवण्याआधी ठाण्यात जाऊन बसावे. गुजराती येणारा एक जाणता माणूस पोलिसांजवळ उभा करावा. वडीलधारी मंडळी पुढे मिरवतात, त्यांनी मागे, पोरांमध्ये चालावे. फोनवर आलेला मजकूर शहानिशा केल्याशिवाय पुढे पाठवू नये. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात मुले पळवण्याच्या अफवेने पाच निरपराध भटक्यांचा जीव घेतला. ते गाव आपल्यापासून दूर नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, दगड पडल्याशिवाय सरकार ऐकत नाही. आम्ही त्यांना एवढेच विचारतो: ज्याला दगड लागणार, त्याच्या हातात शाळेचा एक तरी वर्ग मंजूर करायचा अधिकार आहे का? तोही कुणाचा तरी बाप आहे, आणि त्याचे पोरही कुठल्या तरी शाळेत पाटी घेऊन बसलेले आहे.

मराठी शाळा आम्हाला हवीच. पण एखाद्या शिपायाच्या रक्तावर उघडलेल्या वर्गात आम्ही मुलांना कोणता धडा शिकवणार?