मोजलेले निबंध, न वाचलेले संशोधन

पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. येथून एक मार्ग नांदेडकडे, दुसरा परभणीकडे आणि तिसरा हिंगोलीवरून अकोल्याकडे जातो. अशा तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला बढतीच्या वेळी आज एक प्रश्न हमखास विचारला जातो : किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला? त्या निबंधांत काय लिहिले आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

ही मोजपट्टी किती तोकडी आहे, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. गोव्यातील कोसबे येथे १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे असेच एक जंक्शन होते. गणित, संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा आणि इतिहास असे अनेक मार्ग त्यांच्यापाशी येऊन मिळत. हार्वर्डची १९२९ सालची पदवी एवढीच त्यांची औपचारिक विद्या. त्यांच्याजवळ पीएच.डी. नव्हती. तरीही फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताची उपासना केली. पुण्याहून मुंबईला ते डेक्कन क्वीनने ये-जा करीत.

१९४४ साली इंग्लंडमधील एका नियतकालिकात त्यांचा अवघ्या चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर पिढीगणिक होणाऱ्या अदलाबदलीवरून कसे काढावे, याचे सूत्र त्यात होते. हॉल्डेन यांचे सूत्र १९१९ पासून प्रचलित होतेच. पण एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अडसर करते, ही गोष्ट त्यात विचारात घेतलेली नव्हती. कोसंबींनी ती हिशेबात घेतली. ज्वारी, भात, गहू यांसारख्या पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना आजही ‘कोसंबी फलन’ सर्रास वापरले जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठात पीकपैदास शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे नाव भेटते. परंतु सूत्र एकदा सर्वांचे झाले, की मूळ निबंधाचा हवाला देण्याची गरज अनेकांना वाटत नाही. यश जितके मोठे, तितकी नोंद पुसट, असा हा विपरीत न्याय आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. १९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात कोसंबींनी फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर निबंध लिहिला. त्यातील मध्यवर्ती कल्पना पुढे फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली. जगाने तिला त्या दोघांचेच नाव दिले. महायुद्धाच्या काळात भारतीय नियतकालिकात छापलेली पाने परदेशी कोण चाळणार? उल्लेखांच्या गणतीत गुणवत्तेइतकेच प्रकाशनाचे ठिकाणही बोलते, ते असे.

मात्र कोसंबींचे सारेच लेखन निर्दोष होते, असे मानणेही अन्यायाचे होईल. रीमान यांच्या गृहीतकासंबंधी त्यांनी १९५९ साली कृषी-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात जो दावा केला, तो गणितज्ञांच्या कसोटीस उतरला नाही. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांचा कार्यकाळ संपला. त्यांच्या मार्क्सवादी इतिहासमीमांसेशी या साप्ताहिकाचे अनेक वाचक सहमत होणार नाहीत. पण असहमतीसाठीही आधी वाचावे लागते. हजारो प्राचीन नाणी तराजूत तोलून, त्यांच्या झिजेवरून कालक्रम लावू पाहणाऱ्या माणसाचे खंडन पुराव्यानेच करावे लागते. रीमानविषयीची चूकही तो निबंध वाचणाऱ्या जाणकारांनीच पकडली, आकड्यांनी नव्हे.

२००५ साली अमेरिकेतील हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. ज्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीसदा उल्लेखिले गेले, त्याचा निर्देशांक वीस. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या शैक्षणिक कामगिरीला गुणांक लावले. हेतू चांगला होता. आळसाला आळा बसावा, हा. पण जेथे गुण मोजले जातात, तेथे गुणांचा बाजार भरतो. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली, आणि २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्तीही २०२२ मध्ये मागे घेण्यात आली. याची झळ सर्वांत आधी लागते ती छोट्या गावातील प्रामाणिक अध्यापकाला. खोट्या निबंधांच्या ढिगाऱ्यात त्याचा एक खरा निबंधही गाडला जातो.

आपल्या विद्येला जगाने मान द्यावा, ही आकांक्षा रास्त आहे. परंतु आपणच आपल्या संशोधकांचे निबंध वाचणार नसू, तर जगाकडे तक्रार कोणत्या तोंडाने करावी? निवड समितीने उमेदवाराचे उत्कृष्ट दोनच निबंध मागवावेत, ते जाणकारांकडून वाचून घ्यावेत आणि त्यांवर त्याला प्रश्न विचारावेत. याला वेळ लागेल, श्रमही पडतील. पण चार पानांचे मोल ओळखायचे, तर ती चार पाने वाचण्यावाचून दुसरा मार्ग नाही.