उघडी गाडी, बुडालेले गाणे

छप्पर नसलेल्या गाडीतून गाणी ऐकत जाण्याची हौस आता पडद्यावरच्या नायकापुरती राहिलेली नाही. मुळशीच्या रस्त्याला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर रविवारी जाऊन बघा, टप काढलेल्या जीपगाड्यांची रांग दिसेल. आणि त्यातल्या पुष्कळांची तक्रार एकच असते : गाडी पळायला लागली की गाणे ऐकूच येत नाही!

माझ्या भाच्याने यावर सरळ उपाय काढला. ‘‘मामा, मोठा अॅम्प्लिफायर बसवतो. तू बघच!’’ दुकानदारानेही त्याच्यापुढे सीटखाली जेमतेम मावेल असे एक खोके ठेवले. माझे म्हणणे असे, की हा पैसा वाऱ्यावर टाकण्याचा प्रकार आहे, आणि तोही शब्दशः.

आवाजाचा हिशेब किराणा मालासारखा सरळ नसतो. वीस वॅटचे चाळीस केले म्हणजे गाणे दुप्पट ऐकू येईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने तीनच डेसिबल वाढतात. कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. (स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ छापलेले असते त्यावर जाऊ नका. गाडीच्या बॅटरीवर साध्या स्टिरिओतून एका स्पीकरला सलग पंधरा-वीस वॅट मिळाले तरी पुष्कळ झाले.)

त्यात बंद गाडीचा फायदा गेलेला असतो. काचा लावलेली गाडी ही एक छोटी खोलीच. ढोलकीचा, बासचा खालचा आवाज तिच्यात कोंडतो आणि भरीव वाटतो. टप काढला की तो उडून जातो. वारा नेमका त्याच खालच्या सुरांत घोंघावत असतो, म्हणून आधी तबल्याचा डग्गा बुडतो, मग तंबोरा. उरते ती गायकाची वरची पट्टी आणि झांजांची किणकिण. विलंबित ख्याल उघड्या गाडीत ऐकू नये, हे माझे ठाम मत आहे. तिथे लेझीम चालते, बँडही चालतो.

मग करावे काय? स्पीकर कानाजवळ आणा. मोकळ्या हवेत अंतर निम्मे केले की सहा डेसिबल मिळतात, म्हणजे अॅम्प्लिफायर चौपट केल्यासारखे, तेही फुकटात. माझदाच्या सुरुवातीच्या काही एमएक्स-५ गाड्यांत डोके टेकायच्या उशीतच स्पीकर होते, ते उगीच नव्हे. दाराच्या तळाशी बसवलेला स्पीकर आपल्या पोटऱ्यांना गाणे ऐकवतो.

दुसरे म्हणजे वारा अडवा. तो समोरच्या काचेवरून जाऊन मागून उलटा वळतो आणि मानेवर येतो. बाजूच्या काचा वर घ्या, सीटच्या मागे जाळी लावा. आणि तिसरा उपाय सर्वांत स्वस्त. वाऱ्याचा आवाज वेगाच्या जवळजवळ पाचव्या-सहाव्या घाताने वाढतो. ताशी ८० वरून ६० वर या, तो सहा-सात डेसिबलने उतरेल. दुकानदाराच्या खोक्याचे काम उजवा पाय करतो!

मी हे एवढ्या तळमळीने सांगतो ते पैशासाठी नव्हे. उघड्या गाडीत भर वेगात नुसता वाराच ८५ डेसिबलच्या वर जाऊ शकतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तासांपर्यंत राहावे, असा कारखान्यांतल्या कामगारांसाठी एक सर्वमान्य दंडक आहे. पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. वाऱ्यावर मात करायची म्हणून गाणे ९४ वर नेले, तर पुण्याहून महाबळेश्वरला पोचायच्या कितीतरी आधी त्या दिवसाचा कानांचा वाटा संपलेला असतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसाला पुन्हा येत नाहीत. भाचा चोविशीचा आहे. त्याला अजून पन्नास वर्षे गाणे ऐकायचे आहे.

आणि सिग्नलचे काय? गाडी थांबली की वारा थांबतो, पण वाऱ्यासाठी चढवलेला आवाज तसाच राहतो. सगळा चौक ते गाणे ऐकतो, शेजारच्या रिक्षातली आजारी बाईसुद्धा. २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. काही स्टिरिओंत वेगाबरोबर आवाज आपोआप चढण्या-उतरण्याची सोय असते. घेताना तेवढी विचारून घ्यावी. नसेल तर ब्रेकवर पाय जाताच दुसऱ्याने बटणावर हात न्यावा. शेजारी बसणाऱ्याला एरवी दुसरे काम तरी काय असते?