व्यायामशाळांची वार्षिक वर्गणी : प्रवेश स्वस्त, सुटका महाग

व्यायामशाळा, योगकेंद्रे आणि केशकर्तनालये यांच्या सेवांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वीस हजार रुपयांच्या वार्षिक सभासदत्वावर पूर्वी ३,६०० रुपये कर पडत असे, तो आता १,००० रुपये पडतो. मात्र, या सवलतीबरोबरच व्यायामशाळांना खरेदीवर आणि भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळणे बंद झाले. त्यामुळे कपातीचा संपूर्ण लाभ सभासदाच्या पदरात पडेलच असे नाही. तरीही निर्णय स्वागतार्ह आहे. प्रश्न उरतो तो व्यायामशाळेतून बाहेर पडण्याचा, आणि त्यावर या कपातीत उत्तर नाही.

पुण्यापासून इंदूरपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादपर्यंत या व्यवहाराची रीत साधारण सारखीच असते. एका महिन्याचा दर इतका चढा ठेवलेला असतो, की वर्षाची रक्कम एकदम भरणेच शहाणपणाचे वाटावे. 'आजच पैसे भरले तर सवलत' असा आग्रह होतो. चार महिन्यांनी बदलीचा हुकूम येतो, घर बदलते, पाठीचे दुखणे उद्भवते किंवा ज्याच्या भरवशावर नाव नोंदवले तो प्रशिक्षकच सोडून जातो. दुसरी व्यायामशाळा गाठावी म्हटले, तर पावतीमागील बारीक अक्षरांतील अट पुढे केली जाते : एकदा भरलेले शुल्क परत मिळणार नाही. सभासदत्व दुसऱ्याच्या नावे करायचे तर निराळे शुल्क, काही काळ स्थगित ठेवायचे तर त्यालाही मर्यादा. परिणामी बहुतेक जण उरलेल्या पैशांवर पाणी सोडतात आणि नव्या ठिकाणी पुन्हा वर्षाची रक्कम भरतात.

या व्यवहाराचे अर्थकारण समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या तालमी आणि व्यायाम मंडळे महिन्याच्या नाममात्र वर्गणीवर चालत. आजच्या व्यायामशाळेला मोक्याच्या जागेचे भाडे, वातानुकूलन आणि महागडी यंत्रे यांचा भार वाहावा लागतो. तो पेलण्यासाठी आगाऊ रक्कम हवी असते आणि नाव नोंदवलेले सर्व सभासद एकाच वेळी येणार नाहीत, हेही गृहीत धरलेले असते. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतील तीन व्यायामशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे दहा खेपांचा पास घेतल्यास एका खेपेला १० डॉलर पडत. तरीही महिन्याचे ठोक शुल्क भरणाऱ्यांना प्रत्यक्ष हजेरीच्या हिशेबाने एक खेप १७ डॉलरहून अधिक किमतीला पडत होती. माणूस आपल्या भावी नियमितपणाविषयी फार आशावादी असतो, हा त्यातील निष्कर्ष आपल्याकडेही परका वाटू नये.

वार्षिक वर्गणी म्हणजे प्रत्यक्षात सभासदाने व्यायामशाळेला दिलेले बिनव्याजी, विनातारण कर्ज असते. त्यातील जोखीम करोनाच्या काळात उघड झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली. केंद्राने ५ ऑगस्टपासून व्यायामशाळांना परवानगी दिली, तर महाराष्ट्रात त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. जी केंद्रे उघडली त्यांच्याकडे निदान मुदत वाढवून मागता आली. जेथे कुलूप कायमचे लागले, तेथे दाद मागायची कोणाकडे, हाच प्रश्न होता.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेचा मोबदला परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. परताव्याची मुदत पावतीवर नमूद नसेल तर ती ३० दिवसांची मानली जाते. यंत्रे बंद आहेत, वेळा परस्पर बदलल्या, शाखाच बंद केली, अशा वेळी सभासदाची बाजू भक्कम असते. अडचण येते ती सभासदाची स्वतःची परिस्थिती बदलल्यावर. याच कायद्याने 'अन्याय्य करार' ही संकल्पना आणली असून ग्राहकावर अवाजवी अट लादणे त्यात मोडते. परंतु अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगालाच आहे, जिल्हा आयोगाला नाही. दहा-पंधरा हजार रुपयांसाठी राज्य आयोगाची पायरी चढणारा ग्राहक विरळाच, आणि एकतर्फी अटी लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक असते.

खासगी शिकवणी वर्गांच्या बाबतीत असाच प्रश्न होता. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाच्या प्रमाणात शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. घरबांधणीत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. आगाऊ पैशाचे संरक्षण करता येते, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. व्यायामशाळांसाठीही नोंदणीचा वाजवी खर्च वजा करून उरलेल्या महिन्यांचा परतावा देण्याचा नियम करणे अशक्य नाही. चांगल्या व्यायामशाळांचे त्यात नुकसान नाही. सभासद सेवेमुळे टिकतात, असा त्यांचा दावा असेल तर तो सिद्ध करण्याची ती संधीच ठरेल.

तोपर्यंत सावधगिरी ग्राहकालाच बाळगावी लागेल. शक्यतो तीन महिन्यांहून अधिक काळाचे पैसे एकदम भरू नयेत. स्थगिती, हस्तांतर आणि परतावा यांविषयी दिलेली तोंडी आश्वासने लेखी घ्यावीत आणि कराची रीतसर पावती जपावी. वाद झाल्यास प्रथम लेखी मागणी करावी, नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क नाही, आणि ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो तेथेच तक्रार दाखल करता येते. बदली होऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्यांसाठी ही तरतूद मोलाची आहे.

नागरिकांनी व्यायाम करावा म्हणून सरकारने कराचा वाटा कमी केला. घेतलेले पण न दिलेल्या सेवेचे पैसे परत मिळतील, ही खात्रीही त्याच हेतूने द्यायला हवी. एकदा पोळलेला सभासद व्यायामशाळेकडे पुन्हा वळेलच, याची शाश्वती ५ टक्क्यांचा दरही देऊ शकत नाही.