बाटलीतल्या जंगलाचा मालक कोण?

टिश्यूची केळी आता सगळ्यांना माहीत झालीत. कोंबाचा बारीक तुकडा काचेच्या बाटलीत वाढवायचा आणि त्याची हजारो रोपं करायची. पण त्याच्या पुढची गोष्ट गावात कुणी येऊन सांगत नाही. आता रोपसुद्धा लागत नाही. पानाचा नाहीतर मुळाचा नखाएवढा तुकडा धुऊन, साखर आणि क्षार घातलेल्या चिकात ठेवला की त्याचा गोळा वाढतो. तो गोळा पातळ द्रावणात हलवत ठेवायचा, मग मोठ्या पोलादी टाकीत सोडायचा. झाड नाही, माती नाही, पाऊस नाही, तरी झाडातला अर्क टाकीत तयार! जपानमध्ये एका कंपनीने १९८३ साली एका वनस्पतीच्या मुळातला लाल रंग असाच टाकीत बनवून विकायला काढला. मुळात तो रंग भरायला काही वर्षं लागतात, टाकीत काही आठवडे पुरतात.

आम्ही विज्ञानाचे वैरी नाही. मूळ न उपटता औषध मिळालं तर आजारी माणसाचं भलं आणि जंगलाचंही. पण साहेब लोक म्हणतात, "आता जंगल वाचेल, तुम्ही निश्चिंत राहा." आमचा सवाल आहे, जंगल तोडलं कुणी?

आपल्या सह्याद्रीतला नरक्या बघा. कॅन्सरच्या औषधाला लागणारा कॅम्पटोथेसिन हा अर्क त्यात असल्याचं १९७२ साली शास्त्रज्ञांनी छापलं. पुढे मागणी वाढली आणि नरक्याचं लाकूड चोरून ट्रकांनी गेलं. आमच्या आया-बहिणींची सरपणाची मोळी मात्र नाक्यावर अडते! आणि टाकीत हा अर्क अजून झाडाइतका उतरत नाही. म्हणजे कुऱ्हाड चालूच, वर प्रयोगशाळेचं गोड बोलणं.

उद्या तो उतरायला लागला तर? ट्रक निदान दिसतो, अडवता येतो. नखाएवढा तुकडा शर्टाच्या खिशातून जातो. त्याला नाका नाही, पावती नाही. एकदा गेला की परत आपल्या दारात यायची कुणाला गरज नाही. हिरड्याचं पोतं विकलं तर दोन पैसे तरी हातात पडतात. टाकीतल्या अर्काचे काय पडणार?

केरळच्या काणी आदिवासींनी १९८७ साली शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिचं फळ खाल्लं की डोंगर चढताना थकवा येत नाही, हे ज्ञान काणींचं. त्यावरून 'जीवनी' हे औषध झालं. १९९५ साली सरकारी संस्थेने कंपनीकडून १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के ठरवले, त्यातला निम्मा वाटा काणींना. देशभर याचं कौतुक झालं. पण काणींचा ट्रस्ट झाला १९९७ साली. म्हणजे सौदा आधी, माणसं मागून! वर पानं गोळा करायला तिथल्या वनखात्यानेच आडकाठी घातली.

भावांनो, बहिणींनो, कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरायला पाहिजे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ मध्ये जैवविविधतेवरचा आणि तिच्याबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. कलम ५ ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार देतं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावोगावी समिती हवी. धंद्यासाठी कुणी वनस्पती नेली तर ती समिती फी लावू शकते.

म्हणून आमच्या मागण्या :

१) ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय एक पान, एक बी, एक मुळी बाहेर जाणार नाही.

२) नमुना कोण नेतो, कुठे नेतो, कशासाठी नेतो, हे मराठीत आणि आमच्या बोलीत सभेपुढे सांगा.

३) टाकीतून कमाई झाली तर वाटा गावाचा. झाड तोडलं नाही म्हणून हक्क बुडत नाही.

४) जैवविविधता नोंदवही गावातच लिहायची, गावातच ठेवायची. वैदूंचं ज्ञान विचारल्याशिवाय त्यात उघडं करायचं नाही.

पाड्यावर कुणी पिशवी आणि चिमटा घेऊन आला तर त्याला पाणी द्या, बसवा आणि पहिला प्रश्न विचारा : ठराव कुठाय?

जंगल आमचं, त्याचा तुकडाही आमचाच!