खिशातले पिस्तूल कोणाचे रक्षण करते?

पत्रकार गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री बंगळुरूच्या राजराजेश्वरीनगरात, त्यांच्या घराच्या दारातच गोळ्या घालून हत्या झाली. अशा प्रत्येक हत्येनंतर पुरोगामी मंडळींच्या बैठकांतूनही दबक्या आवाजात एक सल्ला ऐकू येतो: परवाना काढा आणि एखादे लहान पिस्तूल जवळ बाळगा. मग रिव्हॉल्व्हर बरे की पिस्तूल, वजन किती, सदऱ्याखाली दिसेल काय, याचा खल सुरू होतो. सल्ला देणाऱ्यांची कळकळ खरी आहे. सल्ला मात्र साफ चुकीचा आहे आणि त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

हत्या कशा झाल्या ते पाहावे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर सकाळी फिरताना पाठीमागून गोळ्या झाडल्या गेल्या. कॉम्रेड गोविंद पानसरे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी पत्नीसह फिरून कोल्हापुरातील घराकडे परतत होते. मोटारसायकलवरून आलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या. २० फेब्रुवारीला पानसऱ्यांचे निधन झाले. प्रा. एम. एम. कलबुर्गी यांच्या धारवाडमधील घराचे दार ३० ऑगस्ट २०१५ रोजी उघडले गेले ते विद्यार्थी भेटीला आले आहेत असे समजून. यांपैकी कोणाच्या खिशातले पिस्तूल बाहेर निघाले असते? वेळ, जागा आणि पहिली गोळी हे तिन्ही मारेकऱ्याच्या हाती असतात. लपवून बाळगण्याजोगे शस्त्र मुळात दबा धरून बसणाऱ्याच्या सोयीचे आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनेच्या गर्दीत शिरलेले, ग्वाल्हेरात मिळवलेले बेरेटा पिस्तूलही असेच खिशात मावणारे होते.

आता बाजाराकडे वळू. ९ मिलिमीटरचे पिस्तूल भारतात सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. म्हणून परवानाधारकाची निवड .३२ बोअरपाशी येऊन थांबते: कानपूरचे रिव्हॉल्व्हर किंवा ईशापूरचे पिस्तूल. जानेवारी २०१४ मध्ये सरकारी आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून विक्रीस काढले. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर देशभर उसळलेल्या संतापाला सरकारने दिलेले हे उत्तर! किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. पीण्यातील वा मैसूर रस्त्यावरील कपडे कारखान्यांत शिवण घालणाऱ्या कामगार स्त्रीची वर्षभराची मजुरीही त्याला पुरली नसती. रात्रपाळीहून अंधारातून घरी परतते ती हीच स्त्री.

.३२ पिस्तुलाचे माप मेट्रिक भाषेत ७.६५ मिलिमीटर होते. कलबुर्गी आणि गौरी यांच्या हत्यांत याच मापाचे एकच गावठी पिस्तूल वापरले गेले, असा कर्नाटकच्या विशेष तपास पथकाचा निष्कर्ष आहे. गावठी पिस्तूल कुठल्याही भट्टीवर बनते, पण काडतूस कारखान्यातूनच निघावे लागते. परवान्यांची संख्या वाढवा म्हणणाऱ्यांनी ती काडतुसे कोठून झिरपतात याचा विचार केला आहे काय?

परवान्याचे राजकारण जुने आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिशांनी भारतीय जनतेला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळीक ठेवली. १९५९ च्या कायद्याने वंशभेद गेला. अर्ज कोणाचा मान्य होतो हा प्रश्न उरलाच. कमरेला रिव्हॉल्व्हर लावून हिंडणारा जमीनदार, बिल्डर, ठेकेदार कोणी पाहिला नाही? भूमिहीन मजुराच्या घरी परवाना पाहिलेला माणूस सापडणे कठीण.

हा काही अहिंसेचा उपदेश नव्हे. १९४६ ते १९५१ च्या तेलंगण लढ्यात शेतकऱ्यांनी शस्त्रे धरली ती गावोगावच्या संघटनेच्या शिस्तीखाली. एकट्याच्या खिशातल्या धास्तीशी त्यांचा संबंध नव्हता. पिस्तूल बाळगणारा कार्यकर्ता हळूहळू सभेत भिंतीला पाठ लावून बसू लागतो, अनोळखी माणसाला दार उघडेनासा होतो. पानसऱ्यांचे दार तर अनोळखी माणसांसाठीच उघडे होते. ते बंद झाले असते, तर मारेकऱ्यांचे अर्धे काम गोळीविनाच झाले असते.

१२ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूच्या रस्त्यावर हजारो लोक ‘नानू गौरी’, म्हणजे ‘मी गौरी’, असे फलक घेऊन उतरले. त्याच शहरातून झालेल्या तपासाचे धागे महाराष्ट्रापर्यंत पोहोचले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये नालासोपाऱ्यातील शस्त्रसाठा उघडकीस आला. पाच वर्षे रखडलेल्या दाभोलकर प्रकरणाला त्यानंतर गती आली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. कटाचा सूत्रधार मात्र पडद्याआडच राहिला. गौरी प्रकरणाची साक्षीपुराव्याची सुनावणी जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. पानसरे खटल्यातील सहा आरोपींना जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. पिस्तुलाच्या वजनाची चर्चा करणाऱ्या मंडळींनी ती वेळ या खटल्यांच्या तारखांना, साक्षीदारांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी, न्यायालयाच्या आवारात घालवावी.